इपॉक्सी फ्लोअरला पावसाळ्यानंतर फोड: ओल काँक्रीटमधली असेल तर उपाय कुठून सुरू करायचा?

मोकळं_आकाश (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या वर्कशॉपच्या जमिनीवर इपॉक्सी (राळ आणि हार्डनर मिसळून बनणारा कडक लेप) करून घेतलं होतं. तळमजला, स्लॅबखाली थेट भराव. सुरुवातीला फ्लोअर चकचकीत होतं, टायरचे डागही पुसले जायचे. पावसाळा संपत आला तशी मधल्या भागात फोड यायला लागले. अर्ध्या सेंटिमीटरपासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंतचे, घट्ट, दाबले तरी न बसणारे. त्यातला एक टोच्याने फोडला तर आतून पिवळसर, चिकट पाणी चिळकांडी मारून बाहेर आलं. भिंतीलगतचा भाग मात्र अजून शाबूत आहे.

काम करणाऱ्यांचं म्हणणं माल खराब. माल देणाऱ्यांचं म्हणणं स्लॅब ओला. माझं मत असं झालंय की ओल काँक्रीटमध्येच होती आणि रंगाचा डबा उघडण्याआधी ती कुणीतरी मोजायला हवी होती. नुसता हात फिरवून 'कोरडं आहे' म्हणणं ही काही तपासणी नव्हे.

प्रश्न दोन आहेत. फोड आलेला भाग घासून काढून वर 'ओल सहन करणारा' प्राइमर मारला तर भागेल का? आणि शेजारी नवीन स्लॅब टाकायचा आहे, तिथे हे घडू नये म्हणून आत्ताच काय करावं?

चाफा

आमच्या गॅरेजमध्ये हुबेहूब हेच झालंय. धागा वाचत राहणार.

गवंडी_दादा

धागाकर्ते, तुमचं मत बरोबर दिशेने आहे. आधी हे पाणी येतं कुठून ते बघू.

१०० किलो सिमेंटला ५० लिटर पाणी घातलं असं धरा. त्यातलं साधारण २३ ते २५ लिटर रासायनिक क्रियेत बांधलं जातं. बाकीचं काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत राहतं आणि त्यातलं बरंचसं हळूहळू बाहेर पडावं लागतं. साइटवर मिक्स घट्ट वाटला म्हणून वरून पाईप सोडला की हा आकडा आणखी वाढतो. शिवाय क्युरिंगचं (नवं काँक्रीट ओलं ठेवण्याचं) पाणी वेगळं, छत होण्याआधी पडलेला पाऊस वेगळा.

लोक २८ दिवस धरून बसतात. ते २८ दिवस ताकदीचे, सुकण्याचे नव्हेत. सुकायला ढोबळमानाने एका इंचाला एक महिना धरतात, तोही हवा कोरडी असेल आणि खालून ओल येत नसेल तर. पॉवर ट्रॉवेल मारून पृष्ठभाग गुळगुळीत आणि घट्ट केला असेल तर आणखी वेळ लागतो, कारण पाण्याला बाहेर पडायची दारंच बंद होतात.

तुमच्या बाबतीत खाली थेट भराव आहे म्हणता. स्लॅबखाली प्लास्टिकचा कागद टाकला होता का? नसेल तर कितीही जुना स्लॅब असो, जमिनीतली वाफ येतच राहणार. त्याला सुकून संपणं नाही.

रेणू

चिकट, पिवळसर, दाबाखालचं पाणी हे वर्णन वाचून मला बरीच खात्री वाटते की हे ऑस्मोसिसचे फोड आहेत. पुढचा फोड उघडाल तेव्हा त्या पाण्याला पीएच कागद लावा. ११-१२ च्या पुढे रंग गेला तर पाणी काँक्रीटमधून, तिथला अल्क (अल्कली) घेऊन आलंय हे नक्की.

होतं असं: काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्यात सोडियम-पोटॅशियमचे हायड्रॉक्साइड विरघळलेले असतात. प्राइमर आणि काँक्रीट यांच्या सीमेवर कुठेतरी बारीकशी पोकळी राहते. तिथे क्षार किंवा इपॉक्सीतले पूर्ण न जुळलेले विद्राव्य घटक साठतात, द्रावण तीव्र होतं. काँक्रीटचा वरचा थर आणि त्यात मुरलेला प्राइमर मिळून अर्धपार्य पडद्याचं काम करतात. पाणी आत येतं, क्षार बाहेर जात नाहीत. दाब वाढत जातो आणि इपॉक्सी उचललं जातं. म्हणूनच हे फोड लावल्या लावल्या येत नाहीत, काही महिन्यांनी येतात.

एक विचारायचं होतं: इपॉक्सीआधी जमीन मशिनने घासली होती की ॲसिडने धुतली होती?

मोकळं_आकाश

@रेणू, ॲसिडने. मग पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवली.
@गवंडी_दादा, कागद होता की नाही हे आता कुणालाच सांगता येत नाही.

रेणू

मग कोडं बरंचसं सुटलं. हायड्रोक्लोरिक ॲसिड काँक्रीटवर पडलं की कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. हा क्षार हवेतली ओलसुद्धा ओढून घेतो. नीट उदासीन करून भरपूर धुतलं नाही तर तो वरच्या थरात राहतो. धुण्यासाठी ओतलेलं पाणी स्लॅबमध्ये मुरतं ते आणखी निराळं. म्हणजे ऑस्मोसिसला लागणारे क्षार आणि पाणी दोन्ही आपणच पुरवले.

शंकासुर

एक प्रामाणिक शंका. इपॉक्सीची पकड १.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर असायला हवी म्हणतात. जमिनीतून येणारी वाफ ती किती, आणि तिचा दाब किती! नुसत्या वाफेने एवढी पकड सुटते हे मला पटत नाही. मला तरी हे कच्च्या पृष्ठभागाचं काम वाटतं.

रेणू

शंका रास्त आहे, आणि अर्धी बरोबरही आहे. वाफेचा दाब खरोखरच फार कमी असतो. तो एकटा चांगली पकड तोडू शकत नाही. ऑस्मोसिसचा दाब मात्र वाफेच्या दाबापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो, आणि तो महिनोन्महिने एका जागी काम करत राहतो. दुसरं म्हणजे पाणी नुसतं ढकलत नाही. ते अल्क सीमेपर्यंत आणतं आणि तो तिथली पकड सतत पोखरतो. काही प्राइमर अशा अल्कात टिकतात, काही टिकत नाहीत.

पृष्ठभागाबद्दल तुमच्याशी सहमत. वरचा कच्चा सिमेंटचा पापुद्रा राहिला की सुरुवात तिथूनच होते. ओल आणि कच्चा पृष्ठभाग असा 'की' लावून निवडायची गरज नाही, बहुतेक वेळा दोन्ही बरोबरच असतात.

सपाट

फ्लोअरिंगच्याच कामात आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

ओल मोजायच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येक पद्धत वेगळी गोष्ट सांगते. सगळ्यात सोपी प्लास्टिकच्या कागदाची. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक कागद चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवायचा, निदान १६ तास ठेवायचा. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं तर ओल आहे. पण काही दिसलं नाही म्हणून ओल नाही असं होत नाही. स्लॅब थंड असेल, आत-बाहेर फरक नसेल तर कागद कोरडाच राहतो. मी हिला नापास करणारी चाचणी म्हणतो, पास करणारी नाही.

दुसरी कॅल्शियम क्लोराइडची. वजन केलेली डबी घुमटाखाली ६० ते ७२ तास ठेवतात आणि तिने किती ओल खाल्ली ते मोजतात. हजार चौरस फुटांतून २४ तासांत ३ पौंड ही जुनी, रूढ मर्यादा. अडचण अशी की तिला फक्त वरच्या थराची ओल कळते.

आणि खरी अडचण तिथेच आहे. उघडा स्लॅब वरून सुकतो, खाली ओलाच राहतो. वर इपॉक्सीचं झाकण बसलं की बाहेर पडणं थांबतं आणि खालची ओल हळूहळू वर येऊन सगळीकडे सारखी होते. लावायच्या दिवशी वरचा थर कोरडा असणं म्हणूनच निरर्थक ठरू शकतं. यासाठी स्लॅबमध्ये भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजतात, एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या एफ २१७० मध्ये ही पद्धत दिली आहे. स्लॅब एकाच बाजूने सुकत असेल तर जाडीच्या ४० टक्के खोलीवर, दोन्ही बाजूंनी सुकत असेल तर २० टक्के. म्हणजे १५० मिलिमीटरच्या जमिनीवरच्या स्लॅबला ६० मिलिमीटर खोल. ४० टक्के खोलीवर मिळालेला आकडा साधारणपणे झाकण लावल्यावर स्लॅब जिथे स्थिरावेल त्याच्या जवळचा असतो. भोकात नळी बसवून २४ तास थांबायचं, मग वाचन घ्यायचं. आणि त्याआधी जागा निदान ४८ तास वापरातल्या तापमानाला असायला हवी.

साध्या इपॉक्सीला किती आर्द्रता चालते हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ७५ ते ८५ टक्क्यांच्या आसपासचे आकडे बऱ्याचदा दिसतात. माहितीपत्रकात जी पद्धत लिहिली असेल त्याच पद्धतीने मोजा. ४ टक्के ओल हा आकडा सर्रास सांगितला जातो, पण मीटरचे ४ टक्के, कार्बाइड चाचणीचे (काँक्रीटच्या चुऱ्यात कार्बाइड मिसळून वायूचा दाब मोजतात ती) ४ टक्के आणि आतली ७५ टक्के आर्द्रता यांचं आपसात रूपांतर होत नाही. यावरून साइटवर भांडणं होताना मी पाहिली आहेत.

पाऊसवेडी

सपाटदादा, फार छान समजावलंत, वाचनखूण साठवली.

आमच्याकडे पावसाळ्यात फरशीला नुसता घाम सुटतो. तीही हीच ओल का?

सपाट

ताई, ती बहुतेक हवेतली ओल. दमट हवा थंड फरशीला लागली की पाणी सुटतं. ओळखायला तोच प्लास्टिकचा कागद कामी येतो: पाणी कागदाच्या वर जमलं तर हवेतलं, खाली जमलं तर काँक्रीटमधलं.

पण इपॉक्सी लावताना हाही घाम तितकाच घातक. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या थोडा वर येतो. फरशी त्याहून किमान ३ अंश गरम हवी, म्हणजे २९ च्या वर. स्लॅब २७ अंशांवर असेल तर डोळ्यांना कोरडा दिसला तरी काम थांबवायचं. आणि कोट सेट होईपर्यंत हा फरक टिकला पाहिजे, नुसता लावताना असून चालत नाही.

रेणू

याला पुरवणी. अशा दमट हवेत हार्डनरमधलं अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्याशी क्रिया करतं आणि वर पांढरट, तेलकट थर येतो. त्यावर दुसरा हात मारला की दोन थरांत पकड राहत नाही. तो थर कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, मग घासावा. आधीच घासलं तर तो पसरतो.

निरभ्र

फोडांबद्दल एक वेगळी बाजू. सगळे फुगे ओलीचे नसतात. सकाळी ऊन चढत असताना प्राइमर लावला की स्लॅब तापतो, छिद्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढत बाहेर येते. ते त्याच दिवशी दिसतात, आत कोरडे असतात आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं ठेवून जातात. स्लॅब थंड होत असताना, म्हणजे दुपार उतरल्यावर प्राइमर लावला तर हवा आत ओढली जाते आणि प्राइमरही छान मुरतो.

धागाकर्त्यांचे फोड उशिरा आले आणि आत पाणी निघालं, तेव्हा त्यांचं प्रकरण हे नाही. पण @चाफा, तुमचे कधी आले?

चाफा

दुसऱ्याच दिवशी! आणि कोरडे आहेत. मग मी उगाच ओलीच्या मागे लागले होते. खूप आभार.

आराखडा

नवीन स्लॅबचा प्रश्न मागे पडतोय, म्हणून लिहिते. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का उपाय स्लॅब टाकायच्या आधीचा असतो. खाली वाफरोधक कागद घाला. साधा पातळ कागद खडीवर लगेच फाटतो. किमान १० मिल, म्हणजे पाव मिलिमीटर जाडीचा घ्या. जिथे वर्दळ आणि सळई बांधायचं काम जास्त तिथे १५ मिल बरा. जोड किमान १५० मिलिमीटर एकमेकांवर चढवून टेपने बंद करायचे, पाइप जिथून वर येतात तिथे कागद पाइपला चिकटवून घ्यायचा. कागद स्लॅबच्या अगदी खाली हवा, मध्ये वाळूचा थर नको.

खडीच्या थराने भागतं असं अनेकांना वाटतं. खडी केशाकर्षणाने चढणारं पाणी तोडते. वाफ तिच्यातून आरामात वर जाते.

गवंडी_दादा

आराखडाताई, वाळूबद्दल थोडा मतभेद. कागदावर थेट काँक्रीट ओतलं की पाणी खालून जात नाही, सगळं वरूनच उडतं. वरचा भाग आधी आकसतो आणि स्लॅबच्या कडा वर उचलल्या जातात. वाळूचा थर ते पाणी थोडं शोषून घेतो. आमच्या वरच्या पिढीने वाळू वापरली ती उगाच नाही.

आराखडा

कडा उचलल्या जाण्याचा धोका खरा आहे, ते नाकारत नाही. पण वाळूने शोषलेलं पाणी जातं कुठे? खाली कागद, वर काँक्रीट. ते तिथेच थांबतं आणि पुढची कित्येक वर्षं स्लॅबला पाणी पुरवतं. ओतण्याआधी पाऊस पडला तर विचारूच नका. वर ओलीला घाबरणारं फ्लोअरिंग येणार असेल तर वाळू नको, यावर मी ठाम आहे. कडांसाठी मिक्समध्ये पाणी कमी ठेवा (पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५ च्या आत), प्रवाहीपणासाठी प्लास्टिसायझर वापरा, सांधे जवळ जवळ द्या आणि पहिले सात दिवस क्युरिंग नीट करा.

गवंडी_दादा

वर इपॉक्सी असेल तर तुमचं म्हणणं मान्य. उघड्या गोदामाच्या जमिनीला मी वेगळा विचार करीन. क्युरिंगबद्दल मात्र एक भर घालतो. फवारायचं क्युरिंग कंपाउंड वापरलं तर त्याचा थर वर राहतो, इपॉक्सीआधी तो मशिनने पूर्ण काढावा लागतो. त्यापेक्षा ओलं पोतं किंवा कागद झाकून केलेलं क्युरिंग बरं.

टकळी

इतकं वाचून एवढं कळलं की पाण्याला वाट दिली नाही की ते आपली वाट लावतं!

ओंजळ

टकळी, अगदी! म्हणूनच माझा मूळ प्रश्न: इथे इपॉक्सीच हवं का? वर्कशॉपमध्ये तेल आणि टायर असतील पण रसायनं नसतील, तर काँक्रीट घासून, डेन्सिफायर (पृष्ठभाग कठीण करणारं सिलिकेटचं द्रावण) मारून, पॉलिश करता येतं. वाफ निवांत बाहेर जाते, फोडांचा प्रश्नच येत नाही. तेल सांडलं तर लगेच पुसावं लागतं, हा तोटा आहेच.

आणि जिथे सतत पाणी, वाफ, गरम धुणं आहे तिथे पॉलियुरेथेन-सिमेंटचा विचार करा. ६ ते ९ मिलिमीटर जाडीचा असतो, ओल पुष्कळ सहन करतो, आणि तापमानाबरोबर त्याचं आकुंचन-प्रसरण काँक्रीटच्या जवळपास जातं. ७ ते १० दिवसांच्या काँक्रीटवरही काही उत्पादक तो लावू देतात. खर्च जास्त, चकाकी कमी, पण टिकतो.

शंकासुर

डेन्सिफायरचा विषय निघालाच आहे तर: तो मारला की छिद्रं बंद होतात, मग त्यावर इपॉक्सी केलं की झालं ना? एवढ्या चाचण्या कशाला?

रेणू

नाही, कृपया असं करू नका. सिलिकेट काँक्रीटमधल्या चुन्याशी क्रिया करून पृष्ठभाग कठीण करतं, धूळ कमी होते. पण वाफ थांबवण्याची खात्री त्यातून मिळत नाही. उलट त्याचा न मुरलेला भाग वर राहिला तर इपॉक्सीची पकडच बिघडते. पॉलिशसाठी उत्तम, इपॉक्सीखालचा अडथळा म्हणून नाही.

मोकळं_आकाश

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात मोजणी करून घेतली. फोडातल्या पाण्याचा पीएच कागदावर १२ च्या आसपास. आतली आर्द्रता मध्यभागी ९१ टक्के, भिंतीकडे ८२. कागद न घातल्याचाच हा पुरावा दिसतोय. पॉलिशचा पर्याय आवडला, पण आमच्याकडे बॅटऱ्यांचं काम आहे, ॲसिड सांडतं, म्हणून वर इपॉक्सीच लागणार.

तर माझ्या पहिल्या प्रश्नावर या: फोडांचा भाग तेवढा घासून ओल सहन करणारा प्राइमर?

सपाट

तेवढा भाग नको. पूर्ण काढा. ठिगळ लावलं तर ओल ठिगळाच्या कडेने निघेल. आज शाबूत दिसतो तो भिंतीकडचा भागही त्याच ॲसिडने धुतलेल्या काँक्रीटवर बसला आहे, आणि तिथेही ८२ टक्के आहेच.

'ओल सहन करणारा' या शब्दांवर फार विसंबू नका. बऱ्याच प्राइमरचा अर्थ एवढाच की ओलसर काँक्रीटला ते चिकटतात. नंतर वर्षानुवर्षं येणारी वाफ अडवणं हे वेगळं काम. तुम्हाला हवा आहे तो वाफरोधक इपॉक्सीचा थर: दोन घटकांचा, १०० टक्के घन, विद्रावकाशिवायचा. माहितीपत्रकात वाफपारगम्यता ०.१ पर्मच्या (थरातून किती वाफ आरपार जाते ते मोजायचं एकक) आत आहे का (एएसटीएम एफ ३०१० ची अट), किती आर्द्रतेपर्यंत चालतो आणि पीएच १३-१४ ला टिकतो का, हे तीन आकडे शोधा. तिन्ही सापडले नाहीत तर ते उत्पादन बाजूला ठेवा.

पृष्ठभाग शॉट ब्लास्टिंगने (मशिनने पोलादी छर्रे मारून) खरबरीत करून घ्या, सीएसपी (काँक्रीटच्या खरबरीतपणाची मोजपट्टी) ३ किंवा त्याहून जास्त. ॲसिड अजिबात नको. क्षार शिरलेला वरचा थर याच वेळी निघून जातो. मग ओढून पकड तपासा, १.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर मिळाली पाहिजे. भेगा आणि खड्डे आधी भरा, कारण या थराला एक टाचणीएवढं भोक राहिलं तरी फोड तिथूनच येतो. म्हणून एका जाड हातापेक्षा दोन आडवे-उभे हात बरे. ओल्या थराची जाडी गेजने मोजत जा. किती चौरस मीटरला किती डबे लागले याची नोंद ठेवा. माल कमी लागला तर थर पातळ झाला, इतकं सरळ आहे.

तीन घटकांचा इपॉक्सी-सिमेंटचा दोन-तीन मिलिमीटर थर हाही पर्याय सांगितला जाईल. तो नव्या, ओल्या काँक्रीटवर वेळ वाचवायला छान. पण तो तात्पुरता अडथळा आहे. खालून कायम ओल येत असताना मी तो एकटा वापरणार नाही.

आराखडा

आणि या कामाआधी बाहेरून बघून घ्या. पन्हाळीचं पाणी भिंतीलगत मुरतं का, आसपासची जमीन वर्कशॉपकडे उतरते का, एखादी पाइपलाइन गळते का. वाफरोधक थर वाफेसाठी असतो. खालून पाणी दाबाने येत असेल तर तो टिकेल याची हमी कुणी देत नाही. मध्यभागी ९१ आणि कडेला ८२ हा फरक मला जरा खटकतोय. मध्यभागाखालून ड्रेनेज जातं का?

मोकळं_आकाश

जातं! जुनी लाइन आहे, अगदी मधून. हे डोक्यातच आलं नव्हतं. आधी तिची दाबचाचणी करून घेतो, मगच ब्लास्टिंग.

शेवटचा प्रश्न: सांध्यांवरून हा थर सलग न्यायचा की तोडायचा?

सपाट

सांधे दोन प्रकारचे. कापलेले, आता न हलणारे सांधे साफ करून कडक इपॉक्सीने भरा आणि थर सलग न्या. हलणारे, म्हणजे दोन स्लॅबमधले प्रसरण सांधे असतील तर थर तिथे थांबवा, वर पूर्ण फ्लोअर झाल्यावर त्याच रेषेत कापून लवचीक सीलंट भरा. हलत्या सांध्यावरून सलग नेलं तर भेग पडणारच आणि वाफ तिथून निघणार. नव्या आणि जुन्या स्लॅबच्या मधला सांधा हलता धरा. तिथे नवीन कागदाची कड जुन्या स्लॅबला चिकटवून घ्यायला सांगा, काँक्रीट ओतण्याआधी स्वतः उभं राहून बघा. लाइनच्या चाचणीत काय निघालं ते इथे नक्की लिहा.